शोकाला सोबत हवी : उज्जैनची भर्तृहरीकथा आणि आजचे समुपदेशन

मध्य प्रदेशातील उज्जैन नगरीत क्षिप्रेच्या काठी, गढकालिका मंदिराजवळ, भर्तृहरीची गुहा आहे. नाथ संप्रदायात हे स्थान पूज्य मानले जाते. मराठी वाचकाला हाच भर्तृहरी ‘भर्तरीनाथ’ म्हणून परिचित आहे, तो धुंडीसुत मालू यांच्या ‘नवनाथ भक्तिसार’ या ४० अध्यायांच्या ग्रंथातून (शके १७४१, इ.स. १८१९). भर्तृहरीच्या वैराग्याची अमरफळाची कथा अधिक प्रसिद्ध असली, तरी नाथपरंपरेतील त्याची कथा मुळात शोकाची आहे.

राणी पिंगलेच्या निष्ठेची परीक्षा पाहण्यासाठी राजाने शिकारीवरून स्वतःच्या मृत्यूची खोटी वार्ता राजवाड्यात धाडली. ती खरी मानून पिंगलेने प्राणत्याग केला. परतलेला राजा स्मशानातच बसून राहिला, तो तब्बल बारा वर्षे. अखेर गोरक्षनाथ तेथे आले. त्यांनी आपले मातीचे भांडे फोडले आणि त्यासाठी आक्रोश मांडला. एवढ्याशा भांड्यासाठी कसला शोक, तशी कितीतरी आणून देतो, असे राजा म्हणाला. तेव्हा, तशा कितीतरी पिंगलाही निर्माण करता येतील, असे गोरक्षनाथांनी त्याला सुनावले आणि येथून राजाचा शोक ओसरू लागला.

ही कथा नश्वरतेचा बोध म्हणून सांगितली जाते. परंतु शोकाकुल माणसाच्या दृष्टीने वाचल्यास तिच्यात आणखी दोन गोष्टी दिसतात. राजाला केवळ वियोगाने ग्रासलेले नव्हते. ‘माझ्यामुळे ती गेली’ हा अपराधभाव त्याला स्मशानातून उठू देत नव्हता. दुसरे असे की, ‘दुसरे आणून देतो’ हे सांत्वन किती पोकळ असते, हे त्याला स्वतःच्याच तोंडून ऐकावे लागले. गोरक्षनाथांनी उपदेशाने आरंभ केला नाही. ते आधी त्याच्या शेजारी बसून रडले.

विधींचे कार्य आणि त्यांची मर्यादा

उज्जैन हे पितृकार्याचेही क्षेत्र आहे. क्षिप्रेकाठचा सिद्धवट आणि गयाकोठा येथे पिंडदान व तर्पणासाठी, विशेषतः पितृपक्षात, दूरदूरचे यात्रेकरू येतात. तीर्थपुरोहितांच्या वह्यांत घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद असते. गेलेल्याचे नाव त्या वहीत लिहिले जाते, तेव्हा मृत्यू मान्यही होतो आणि नात्याला नवे स्थानही मिळते.

दहावा, तेरावा, मासिक श्राद्ध, वर्षश्राद्ध ही रचना दुःखाला वेळापत्रक देते. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत सातव्या दिवसाची मिसा आणि मुस्लिम कुटुंबांत चाळिसावा हेच कार्य करतात. करोनाकाळात अंत्यदर्शनही न मिळालेल्या अनेक कुटुंबांना या विधींची उणीव तीव्रतेने जाणवली.

तथापि तेराव्यानंतर पाहुणे परततात, शेजारच्या घरातून येणारे डबे थांबतात आणि घर रिकामे होते. खऱ्या एकाकीपणाचा आरंभ पुष्कळदा तेथून होतो. समुपदेशनाची गरज प्रामुख्याने या टप्प्यावर असते.

शोकाविषयी आजचे ज्ञान

शोक हा आजार नव्हे. रडू येणे, झोप उडणे, छातीत जडपणा वाटणे, विसरभोळेपणा, राग, गेलेल्या व्यक्तीचा आवाज ऐकू आल्याचा भास, इतकेच नव्हे तर दीर्घ आजारपणानंतर वाटणारी सुटकाही स्वाभाविक आहे. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पाच अवस्था सर्वज्ञात आहेत. पण त्या मुळात मृत्यूच्या छायेतील रुग्णांशी झालेल्या संवादांतून आल्या होत्या. प्रत्येक शोकाकुल व्यक्ती त्या क्रमाने जातेच असे नाही.

विल्यम वर्डन यांनी चार कार्ये सांगितली : मृत्यूचे वास्तव स्वीकारणे, वेदनेला वाट देणे, बदललेल्या जीवनाशी जुळवून घेणे आणि गेलेल्याशी आंतरिक नाते राखून पुढे जाणे. विसरणे हे यांपैकी एकही कार्य नाही. श्ट्रोबे आणि शूट या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की, मन दुःख आणि दैनंदिन व्यवहार यांच्यात हेलकावे घेते. म्हणून एखाद्या सायंकाळी हसू आले, तर ती गेलेल्याशी प्रतारणा ठरत नाही.

समुपदेशनात काय घडते

समुपदेशक सहसा पाऊण ते एक तास ऐकतो. गेलेली व्यक्ती कशी होती, शेवटचे दिवस कसे गेले, काय बोलायचे राहून गेले, हे तो सावकाश विचारतो. ‘डॉक्टरकडे एक दिवस आधी नेले असते तर’ यांसारखा अपराधभाव तो झटकून टाकत नाही. त्या वेळी प्रत्यक्षात काय ठाऊक होते आणि काय हाती होते, हे शोकाकुलाबरोबर तपासून पाहतो. न बोललेले पत्ररूपाने लिहून काढण्यासही काही वेळा सांगितले जाते. संभाषण गोपनीय राहते. औषधाची आवश्यकता आहे की नाही, हे मनोविकारतज्ज्ञ ठरवतो.

स्वतःची काळजी

पहिल्या काही महिन्यांत भूक नसली तरी ठरावीक वेळी थोडे खावे, पाणी प्यावे आणि उजेडात थोडे चालावे. ठरल्या वेळी अंथरुणावर जावे. मद्य किंवा स्वतःच्या मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या यांचा आधार घेऊ नये. घर विकणे, नोकरी सोडणे यांसारखे मोठे निर्णय शक्यतो पुढे ढकलावेत. बँक, निवृत्तिवेतन, वारसा यांची कागदपत्रे करताना विश्वासू व्यक्ती सोबत असावी. गेलेल्याचे कपडे, चष्मा, फोन कधी आवरायचे, हे त्या घरानेच ठरवावे. वाढदिवस, चतुर्थी किंवा वर्षश्राद्धाच्या सुमारास दुःख पुन्हा उसळते. त्या दिवसांची आखणी आधीच करावी.

मुलांना ‘आजोबा झोपले आहेत’ असे सांगू नये. त्यामुळे झोपेचीच भीती बसू शकते. त्यांचा मृत्यू झाला आहे आणि ते आता परत येणार नाहीत, हे सोप्या शब्दांत सांगावे. मुलांचे प्रश्न तेच तेच असले तरी प्रत्येक वेळी उत्तर द्यावे.

आप्तांनी काय करावे

‘धीर धर’, ‘देवाची इच्छा’, ‘तू लहान आहेस, पुन्हा संसार होईल’ ही वाक्ये टाळावीत. ती भर्तृहरीने देऊ केलेल्या भांड्यांसारखीच आहेत. गेलेल्याचे नाव घेऊन आठवण सांगावी. ‘काही लागले तर कळव’ म्हणण्याऐवजी बाजार आणून द्यावा, कार्यालयात सोबत जावे, महिन्याभराने पुन्हा यावे. पुरुषांनाही रडू द्यावे.

तज्ज्ञांची मदत केव्हा आणि कुठे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ‘दीर्घकालीन शोकविकार’ समाविष्ट आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ, त्या समाजाच्या रीतीपेक्षाही जास्त, तीव्र शोक टिकून दैनंदिन जीवन ठप्प झाले असेल, तर त्याचा विचार केला जातो. मात्र जगणे नकोसे वाटत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नये आणि त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य, अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे.

गोव्यात बांबोळी येथे मनोविकार व मानवी वर्तन संस्था हे शासकीय रुग्णालय आहे. प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकही नैराश्यात परिणामकारक साहाय्य करू शकतात, हे ‘संगाथ’ संस्थेच्या गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांमधील अभ्यासाने दाखवून दिले. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

भर्तृहरीला शेजारी बसणारा मनुष्य भेटण्यास बारा वर्षे लागली. आपल्या वाड्यावरील शोकग्रस्त घराला तेराव्यानंतरच्या आठवड्यातच तो भेटावा, यासाठी कोणा सिद्धपुरुषाची वाट पाहण्याचे कारण नाही.