पोथीतली चूक आणि तिचा माग

जुन्नर तालुक्यातील पिंपळवंडीपासून आळे हे गाव फार दूर नाही. ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले असे परंपरा सांगते, त्या रेड्याची समाधी तेथे आहे. या परिसरात ज्ञानेश्वरी घरोघर वाचली जाते. पण जी ओवी आपण वाचतो ती मूळचीच, हे कशावरून?

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये नेवाशास सिद्ध झाली. पुढे ती जगली नकलांवर, आणि एका लेखनिकाला लागलेली डुलकी त्याच्यामागच्या दहा पोथ्यांत उतरत गेली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथमहाराजांनी ग्रंथ शोधून शुद्ध केला. अखेरीस त्यांनी शक नोंदविला, आपले नाव घातले, पाठांतरांमुळे ग्रंथ अशुद्ध झाल्याचे कारण दिले आणि कोणी आपली ओवी यात मिसळू नये, असेही बजावले. मात्र कोणता शब्द बदलला, याची यादी मागे राहिली नाही. म्हणूनच १९०९ साली वि. का. राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक पोथी छापली, तेव्हा खरा पाठ कोणता यावर पंडितांत वाद माजला.

ही उणीव पुण्याच्या भांडारकर संस्थेने भरून काढली. १९१९ ते १९६६ या काळात बाराशेंहून अधिक पोथ्या धुंडाळून तिने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. तिच्यात श्लोकाखाली टाकलेले पाठही पोथीच्या खुणेसह दिले आहेत. संपादकाचा निर्णय पटला नाही, तर वाचकाला तो उलटतपासता येतो.

आज संगणकाच्या आज्ञावल्याही शेकडो हातांनी लिहिल्या जातात आणि त्यांतही चुका शिरतात. त्यांचा माग ठेवण्यासाठी लिनस टॉरवल्ड्स यांनी २००५ साली ‘गिट’ निर्माण केले. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली, हे ते अचूक सांगते. चूक हजार बदलांत दडली असेल, तर मधली प्रत तपासायची, सदोष अर्धा भाग घ्यायचा आणि पुन्हा त्याचा मध्य पाहायचा. अशा दहा तपासण्यांत चुकीचा बदल हाती लागतो.

पण त्या बदलापुढे नुसते ‘दुरुस्ती केली’ एवढेच लिहिलेले असले, तर? तो का केला, कोणती अडचण होती, हे कळत नाही. मग ती ओळ काढून टाकावी, तर जुनी अडचण पुन्हा डोके वर काढील, ही धास्ती राहते. काय बदलले हे यंत्र सांगेल. का बदलले हे माणसानेच लिहिले पाहिजे. नाथांनी ते चार शतकांपूर्वी लिहून ठेवले होते.