गाडीवानाशेजारची जागा

आमच्या सावली गावाकडे खासगी वाहन भाड्याने घेऊन दूरच्या गावी जाण्याला ‘गाडी करणे’ म्हणतात, आणि ‘आम्ही स्पेशल गाडी केली’ असे कुणी सांगितले की ऐकणाऱ्याच्या मनात भाडे किती पडले हा प्रश्न मागाहून येतो, घरात काय झाले हा आधी येतो. कारण लग्नाचा मुहूर्त, मरणाची वार्ता किंवा एकाएकी उद्भवलेले दुखणे यांवाचून एवढ्या खर्चाला येथला माणूस सहसा धजत नाही. चंद्रपूरहून मूल, मूलहून सावली, सावलीहून व्याहाड आणि मग वैनगंगा ओलांडून गडचिरोली, असा हा सुमारे 80 किलोमीटरांचा रस्ता आज दीड-दोन तासांत संपतो. परंतु हाच प्रवास ज्या काळी बैलांच्या पावलांनी होत असे, त्या काळी त्याची मोजदाद कोसांनी होत नसे. वाटेत जंगल किती, नाले किती, नदीला पाणी किती आणि बैल कुणाचे, यांवर ती होत असे. भाडे ठरे तेही याच हिशेबाने.

झाडीपट्टीत शेतातल्या ओझ्याला बंडी आणि माणसांच्या प्रवासाला हलकी रेंगी किंवा खासर जुंपण्याचा रिवाज होता. रेंगीच्या तळाशी धानाचे तणीस हातभर जाड अंथरीत, त्यावर गोधडी पसरीत, आणि लेकुरवाळी असली तर बांबूच्या कमच्यांची कमान बांधून वर चटई ताणीत. आसाखाली कंदील टांगलेला असे, आणि त्याच्या हेलकाव्याबरोबर चाकाच्या आऱ्यांच्या सावल्या वाटेकडेच्या झाडांवर फिरत राहत. गाडी ठरवताना तोंडी करार होई, पण त्याची कलमे पक्की असत. विसार आधी द्यावयाचा. बैलांचा खुराक आणि गाडीवानाचे जेवण गाडी करणाऱ्याकडे. मुक्काम पडला तर त्याचे वेगळे. आणि परतीची सवारी मिळो न मिळो, रिकाम्या परतीचा काही अंश भाड्यात धरावयाचा. कागद नाही, अंगठा नाही, पंच नाही. असे असूनही तो करार सहसा मोडला जात नसे, याचे कारण माझ्या मते असे की गाडी करणारा वस्तुतः गाडी घेतच नव्हता. चार चांगल्या बंड्या कोणत्याही मोठ्या गावात होत्याच. तो घेत होता गाडीवानाचे ज्ञान. कोणत्या नाल्याचा उतार पहिल्या पावसाने खचतो, कोणत्या पांदणीत रात्री एकटी गाडी घालू नये आणि मागून येणाऱ्या दोन गाड्यांची वाट पाहावी, वाघाच्या वासाने बुजलेला बैल कशाने शांत होतो, हे ज्याला ठाऊक तोच खरा धुरकरी, आणि त्याच्या बैलांपेक्षा त्याच्या या जाणतेपणाचेच मोल अधिक.

या ज्ञानाची कसोटी वैनगंगेच्या घाटावर लागे. सिवनीच्या मुलखात उगम पावून दक्षिणेकडे वाहत आलेली ही नदी पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्यापाशी गोदावरीत विलीन होते. पण सावली-गडचिरोलीच्या दरम्यान तिचे रूप ऋतूगणिक असे पालटते की एकाच ठिकाणच्या एकाच रस्त्याला वर्षातून तीन निरनिराळे रस्ते म्हणावे. पावसाळ्यात ती एका दरडीपासून दुसऱ्या दरडीपर्यंत तांबडी आणि भरलेली. हिवाळ्यात मध्ये धार आणि दोन्हीकडे ओला काठ. उन्हाळ्यात पाणी गुडघाभर, पण वाळू मात्र चाकाच्या तुंब्यापर्यंत. ब्रिटिश अमदानीत 1878 च्या नौकाघाटविषयक कायद्यान्वये अशा सार्वजनिक घाटांचा इजारा दिला जाई, लिलावात बोली लागे, आणि माणूस, जनावर व गाडी यांचा दर निरनिराळा असे. इजारा कुणाच्याही नावे असला तरी होडी वल्हवणारे हात ढिवरांचेच. दोन डोंगे शेजारी-शेजारी बांधून त्यांवर बांबूंचा माच घालावयाचा, गाडीचे बैल सोडून गाडी हातांनी माचावर ढकलावयाची, चाकांना दगडांची अडण लावावयाची, आणि बैलांना पाण्यात घालून त्यांच्या वेसणीचा दोर माचाच्या कडेला बसलेल्या गाडीवानाने स्वतःच्या हाती धरावयाचा. हे ज्यांनी पाहिले त्यांना माहीत आहे की त्या वेळी माचावर कुणीही बोलत नसे. सवारीतल्या बायका वैनगंगामाईला हळदकुंकू आणि सुपारी वाहून मगच पाय उचलीत. मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला तर काठाकाठाने गाड्यांच्या रांगा लागत. नदी जेथे वळण घेऊन क्षणभर उत्तरेकडे वाहते तेथे उभ्या असलेल्या त्या जुन्या देवालयसमूहाकडे पश्चिमतीरावरचे भाविक वाळूवर तट्टे अंथरून, एकमेकांच्या चाकांना खांदा देत पोचत.

आतापर्यंत जे सांगितले ते खुषीच्या भाड्याचे. याच रस्त्यावर दुसरीही एक गाडी चाले आणि तिचा इतिहास सांगितल्यावाचून पहिलीचा पुरा होत नाही. दौऱ्यावर निघालेल्या हुद्देदाराच्या सरंजामासाठी, त्याच्या तंबूंसाठी, पेट्यांसाठी आणि शिकारीसाठी गावाने गाड्या पुरवाव्यात, असा हुकूम कोतवालाच्या तोंडून येई आणि ज्याच्या दारात बैल त्याची गाडी जुंपली जाई. मग धान कापणीला आले आहे की खळे मोडावयाचे आहे, ही सबब चालत नसे. यालाच वेठ, आणि जमीनदारी मुलखात बेठबेगार म्हणत. मध्यप्रांतातील आदिवासींच्या स्थितीची चौकशी करून डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी जो अहवाल सिद्ध केला आणि जो 1944 साली प्रसिद्ध झाला, त्यात या बेगारीची दखल घेतलेली आहे; जमीनदारी व मालगुजारी हक्क 1950 च्या कायद्याने संपुष्टात येईपर्यंत तिची मुळे सुकली नव्हती. बैल तेच, वाट तीच, माणूसही तोच. पण एका खेपेला तो ‘येतो’ म्हणाला होता आणि दुसरीला त्याला आणले गेले होते. भाडे आणि वेठ यांत पैशापेक्षाही जो मोठा फरक आहे तो हा की भाड्याच्या गाडीवानाला ‘नाही’ म्हणता येते. दळणवळणाच्या इतिहासात पूल आणि रूळ यांची जेवढी नोंद होते तेवढी या एका शब्दाची होत नाही, याचे मला वाईट वाटते.

आगगाडी या भागात आली ती कडेकडेने. वर्धा खोऱ्यातला रूळ वरोऱ्यापर्यंत आला तो कोळशासाठी, पुढे बल्लारशापर्यंत वाढला, आणि बंगाल-नागपूर रेल्वेचा अरुंद मार्ग गोंदियाकडून वडसा, नागभीड, सिंदेवाही, मूल-मारोडा असे करीत चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, 1913 च्या सुमारास जोडला गेला. परंतु 1905 साली स्वतंत्र तहसील झालेली गडचिरोली आणि तिच्या पूर्वेचा सारा अरण्यप्रदेश रुळाच्या पलीकडेच राहिला. त्यामुळे स्टेशनावर उतरून पुढे गाडी करण्याची चाल मोडली नाही, उलट वाढली. मूलच्या स्टेशनाबाहेर गाडीच्या वेळेला बैलगाड्या उभ्या राहू लागल्या, आणि त्यांच्या मागोमाग, खडीचा रस्ता झाला तसतशी, मोटार आली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे नियंत्रण आले तेव्हा मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवून तिच्या वायूवर गाड्या चालविण्यात आल्या. चढ लागला की उतारूंनी खाली उतरून ढकलावे, हे त्या पिढीला इतके अंगवळणी पडले होते की मोटारीतही बैलगाडीचाच धर्म पाळला गेला असे म्हणता येईल.

सावलीच्या नावाशी जोडलेल्या एका थोर प्रवाशाची आठवण येथे देणे मला अगत्याचे वाटते. चरखा संघाच्या खादीकार्यामुळे हे गाव देशात ओळखले जाऊ लागले होते, आणि 1936 च्या फेब्रुवारीअखेरीस व मार्चच्या आरंभी, किशोरलाल मशरूवाला अध्यक्ष असताना, गांधी सेवा संघाचे अधिवेशन येथे भरले; महात्मा गांधी त्यासाठी सुमारे आठवडाभर सावलीत होते. सूत कातणाऱ्या या लहानशा गावात वावरलेल्या त्या पुरुषाने त्याआधी त्रेचाळीस वर्षे, 1893 च्या जून महिन्यात, दक्षिण आफ्रिकेत डरबनहून प्रिटोरियाला जाताना भाड्याच्या गाडीतला जो अपमान सोसला, तो त्यांच्या आत्मकथेत आहे. पीटरमॅरित्सबर्गच्या फलाटावरची रात्र सर्वांना ठाऊक असते; तिच्या पुढचा भाग पुष्कळांच्या स्मरणातून निसटतो. त्या काळी नाताळचा रूळ चार्ल्सटाउनला संपत असे आणि तेथून जोहान्सबर्गपर्यंत घोड्यांची टपालगाडी, मध्ये स्टँडर्टनला रात्रीचा मुक्काम. तिकीट रीतसर असूनही गांधींना आत गोऱ्या उतारूंजवळ न बसविता बाहेर गाडीवानाच्या बाजूच्या बैठकीवर बसविले गेले, आणि पुढे गाडीच्या गोऱ्या नायकाला त्याच जागेवर बसून धूम्रपान करावेसे वाटले तेव्हा त्याने पायरीवर एक मळके तरटाचे फडके टाकून तेथे बसण्याचा हुकूम केला. गांधींनी नकार दिला, मार खाल्ला, पितळी दांडी सोडली नाही; शेवटी आतल्या उतारूंनाच दया येऊन त्यांनी नायकाला आवरले.

एवढ्यावर कथा थांबत नाही. गाडीवानाच्या दुसऱ्या बाजूला तेथल्या मूळच्या रहिवाशांपैकी एक चाकर बसलेला होता. नायकाने त्याला उठवून पायरीवर बसविले आणि त्याची जागा आपण घेतली. तो चाकर काही बोलल्याची नोंद नाही, त्याचे नावही आत्मकथेत नाही. मी हा प्रसंग कितीही वेळा वाचला तरी माझे मन शेवटी त्या पायरीवरच्या माणसाकडे जाते, कारण त्याच्यात मला कोतवालाच्या हाकेसरशी खळ्यावरून उठून बैल जुंपणारा आमच्या झाडीतला माणूस दिसतो. पुढे 1895 मध्ये नाताळचा रूळ जोहान्सबर्गला जाऊन भिडला आणि त्या टपालगाड्या गेल्या. उत्तरेकडे बुलावायो शहराच्या वाटेवर मात्र बैलांच्या लांबलांब जोतांनी ओढलेल्या गाड्या चालतच होत्या, तोच 1896 साली बुळकांडी ही गुरांची जीवघेणी साथ तेथे पोचली. बुळकांडी म्हणजे काय हे आमच्या जुन्या शेतकऱ्याला सांगावे लागत नसे. बैल जोताखालीच कोसळले, भरल्या गाड्या वाटेवर टाकून गाडीवान पायी परतले, दाण्यागोट्याचे भाव कडाडले, आणि रुळाची घाई होऊन पुढच्याच वर्षी, 1897 साली, बुलावायोला आगगाडी आली. गाडीवानाचा धंदा कुठे कायद्याने संपतो, कुठे रुळाने, आणि कुठे रोगाने एका हंगामात.

आमच्याकडे तो असा एकाएकी संपला नाही. त्याने वाहन तेवढे बदलले. 1939 च्या मोटार वाहन कायद्याने ठरलेल्या मार्गावर टप्प्याटप्प्याने उतारू घेणारी गाडी वेगळी आणि संपूर्ण कराराने दिलेली गाडी वेगळी, असा परवान्याचा भेद केला. 1956 मध्ये हा मुलूख मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला, आणि 1961 साली विदर्भाची प्रांतिक वाहतूक सेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाल्यावर लाल एस.टी. हेच या रस्त्याचे मुख्य वाहन झाले. तिने या जिल्ह्यावर केलेले उपकार फेडता येण्याजोगे नाहीत. परंतु एस.टी. वेळेवर निघते आणि दुखणे वेळ पाहून येत नाही, म्हणून तिच्या जोडीला जीप आल्या, काळी-पिवळी आली, आणि 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली स्वतंत्र जिल्हा झाल्यावर कचेऱ्यांच्या कामांनी त्यांची वर्दळ वाढली. वैनगंगेवर पूल आहे, तरी गोसीखुर्द धरणाची दारे उघडली आणि पाऊस लागून राहिला की नाल्यांवरचे रपटे बुडतात. 2020 च्या ऑगस्टअखेरच्या महापुरात नदीकाठची कित्येक गावे वेढली गेली आणि रस्ते बंद पडले, तेव्हा ‘कोणत्या बाजूने निघते ते पाहतो’ असे म्हणून गाडी काढणाऱ्या ड्रायव्हरमध्ये जुना धुरकरी पुन्हा उभा राहिला. करारही तोच आहे. विसाराला ॲडव्हान्स म्हणतात, खुराकाच्या जागी डिझेल आले, मुक्कामाला हॉल्ट म्हणतात, आणि रिटर्नचे भाडे अजून तोंडीच ठरते.

मध्यरात्री सावलीच्या चौकात अशी एखादी गाडी उभी राहते. रोग्याला नागपूरला रेफर केलेले असते. मागच्या बाकावर त्याला आडवे निजवून, उशाशी पाण्याची बाटली आणि रिपोर्टांची पिशवी ठेवून, बायका त्याचे पाय मांडीवर घेतात. मूल, सिंदेवाही, नागभीड, उमरेड, असा पहाटेपर्यंतचा रस्ता आणि त्यातला बराचसा जंगलाचा. ड्रायव्हर दिवसभर चालवून आलेला असतो हे घरच्यांना ठाऊक असते. तेव्हा घरातला कुणी जाणता, बहुधा रोग्याचा थोरला भाऊ किंवा मामा, पुढचे दार उघडून त्याच्या शेजारी बसतो, ‘चाल भाऊ, मी जागाच हाओ’ म्हणतो, आणि त्याचे गाव कोणते, धान किती पिकले, पोरे कितवीत आहेत, हे विचारीत नागपूर येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहतो.