मास्तर, हजेरीपट आणि पुस्तकांची पेटी

बडोद्यात सक्तीच्या शिक्षणाचा विषय निघाला की दोन सालं हमखास सांगितली जातात. 1893 ला अमरेली, 1906 ला सगळं संस्थान. आपल्या बैठकांतही ती बऱ्याचदा आली आहेत, आणि बरोबरच आहेत. पण त्यापुढे आपली चर्चा सहसा जात नाही. हुकूम राजवाड्यातून निघाला हे खरं. तो अमलात आणायचा कोणी? गावच्या मास्तराने. त्या मास्तराच्या पाठीशी कोण उभं होतं आणि कोण नव्हतं, एवढंच या टिपणात पाहायचं आहे.

सुरुवात खुद्द महाराजांपासूनच करावी लागते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ 1875 साली दत्तक होऊन बडोद्यास आला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला अक्षरओळख नव्हती. पुढे एफ. ए. एच. इलियट हे त्याचे मुख्य शिक्षक झाले. पण एकट्या इलियटसाहेबांवर हे काम नव्हतं. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा शिकवायच्या, म्हणजे त्या त्या भाषेचे शिक्षक आले. शिवाय वेळापत्रक, व्यायाम, घोड्यावर बसणं. 1881 च्या डिसेंबरात राज्यकारभार हाती आला तोवर सहा वर्षांत हा मुलगा चार भाषांत कामकाज करण्याइतका तयार झाला होता. उशिरा सुरुवात केलेलं मूल शिकू शकतं, मात्र त्याच्याभोवती माणसं आणि साधनं दोन्ही लागतात, हे महाराजांना पुस्तकातून वाचावं लागलं नाही. अर्थात राजपुत्राला मिळाली तेवढी माणसं खेड्यातल्या मुलाला कुठून मिळणार!

अमरेली प्रांत काठेवाडात, राजधानीपासून लांब. तिथे अमरेली शहर आणि आसपासची काही गावं घेऊन 1893 ला सक्ती सुरू झाली. मुलांना सात ते बारा आणि मुलींना सात ते दहा ही वयोमर्यादा होती. फी नाही, आणि मूल पाठवलं नाही तर पालकाला दंड. प्रयोग सगळीकडे लागू करायला मध्ये तेरा वर्षं गेली, हे आपण पटकन विसरतो.

आता त्या काळच्या एखाद्या शाळेचं चित्र डोळ्यांपुढे आणा. मास्तर एक, खोली एक, आणि एकाच खोलीत तीन-चार इयत्ता. कालपर्यंत जे शिकायला उत्सुक होते तेच येत. आता कायद्याने सगळेच यायचे. ढोरं राखणारा येणार, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणारी मुलगी येणार. पेरणीच्या, कापणीच्या दिवसांत निम्मी खोली रिकामी. आणि गैरहजेरीची नोंद हजेरीपटावर कोण करणार? तोच मास्तर, ज्याला संध्याकाळी त्याच पालकाच्या ओसरीवरून घरी जायचं आहे. ज्याच्या हातात शिकवायचं काम, त्याच्याच नोंदीवरून शेजाऱ्याला दंड होण्याची पाळी! सक्तीच्या कायद्याचं कौतुक करताना ही अडचण आपण मोजत नाही, असं मला वाटतं. नामदार गोखल्यांनी कौन्सिलात सक्तीच्या शिक्षणाचा प्रश्न मांडला तेव्हा बडोद्याचा दाखला दिला. त्यांचं 1911 चं विधेयक पुढल्या वर्षी नामंजूर झालं. तिथे वाद खर्चाचा आणि लोकांच्या तयारीचा. शिकवणाऱ्याची ओढाताण तिथेही मागेच राहिली.

पण सगळ्यात कठीण जागा वेगळीच होती. अंत्यज मुलांसाठी संस्थानाने 1880 च्या दशकाच्या सुरुवातीलाच शाळा काढल्या. इमारत मिळाली, पैसा मंजूर झाला. मास्तर मात्र मिळेनात! सवर्ण हिंदू शिक्षक या शाळांत जायला तयार होईनात, म्हणून मुसलमान शिक्षकांवर काम चालवावं लागलं. शाळा दरबाराची, पगार दरबाराचा, आणि तरी दरबाराच्या नोकराला ती शाळा आपली वाटत नव्हती. इथे दोष महाराजांचा नाही, साधनांचाही नाही. तो आपल्याच, म्हणजे शिकल्या-सवरल्या वर्गाचा आहे, आणि त्यात आमचे बडोद्याचे मराठी लोकही आले. हे लिहायला बरं वाटत नाही, पण गाळून पुढे जाणं त्याहून वाईट.

1908 साली महाराजांनी पंजाबातून आर्यसमाजी पंडित आत्माराम अमृतसरी यांना बोलावलं. त्यांच्याकडे अंत्यज शाळांची देखरेख आली आणि मुलांचं वसतिगृहही आलं. दोन्ही एका हाती येण्याचं महत्त्व शिक्षकाला लगेच कळेल. वर्गात शिकवलेलं घरी पक्कं करून घेणारं कोणी नसेल तर पुढच्या दिवशी तोच धडा पुन्हा घ्यावा लागतो. वसतिगृहात दिवा असतो, जेवणाची वेळ ठरलेली असते, आणि अडलं तर विचारायला माणूस असतं.

शाळेबाहेरचं जग मात्र तेवढ्या वेगाने बदललं नाही. बाबासाहेब आंबेडकर दरबारच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये अमेरिकेला गेले, 1917 मध्ये संस्थानाच्या नोकरीसाठी परत आले, आणि याच शहरात त्यांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं गेलं. परदेशी पाठवणारं संस्थान त्यांना गावात एक खोली मिळवून देऊ शकलं नाही. सयाजीबागेतली ती जागा दाखवायला आपण पाहुण्यांना नेतो, तेव्हा हेही सांगायला हवं.

तिसरी गोष्ट जरा आनंदाची. सक्तीमुळे मूल चार इयत्ता शिकलं, शाळा सुटली, आणि दोन-तीन वर्षांत अक्षरं विसरलं तर काय उपयोग? ही चिंता महाराजांना होती. अमेरिकेतली सार्वजनिक वाचनालयं त्यांनी पाहिली होती. 1910 मध्ये तिथले विल्यम बोर्डन यांना त्यांनी बोलावलं, आणि मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं. त्याला महाराजांनी स्वतःच्या संग्रहातली सुमारे वीस हजार पुस्तकं दिली. ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्गही बोर्डननी चालवला. पण बोर्डनसाहेब तीनच वर्षं होते. खेड्यापाड्यांतली वाचनालयं उभी राहिली ती मोतीभाई अमीन यांच्या खटपटीने. हे गृहस्थ मुळात शिक्षक. विद्यार्थिदशेतच त्यांनी वाचनालय काढलं होतं. मास्तराला पुस्तकांची टंचाई किती जाचते ते त्यांना वेगळं सांगायला नको होतं.

फिरती वाचनालयं म्हणजे लाकडी पेट्या. पुस्तकं भरून पेटी गावाला जायची, वाचून झाली की परत यायची आणि दुसरी मिळायची. नेण्या-आणण्याचा खर्च संस्थानाचा. गावाला कायमचं वाचनालय हवं असेल तर गावाने वर्गणी काढायची, प्रांत पंचायतीने आणि सरकारने तेवढीच भर घालायची. मला ही तिहेरी रचना फार आवडते. वर्गणी दिलेल्या माणसाला पुस्तक आलं की नाही याची चौकशी करावीशी वाटते. मास्तराला हजेरीपटावर दंडाचे शेरे मारायच्या ऐवजी पालकाच्या हातात पुस्तक ठेवायला मिळतं. तोच पालक, तीच ओसरी, पण बोलण्याचा विषय वेगळा.

मांडवीजवळची मध्यवर्ती ग्रंथालयाची सध्याची इमारत 1931 ची आहे. तिची काचेची जमीन आणि लोखंडी कपाटं पाहायला बाहेरगावचे लोक येतात. पुढच्या वेळी आपलं मंडळ तिथे गेलं, तर जमिनीकडे बघून झाल्यावर फिरत्या पेटीचीही चौकशी करावी म्हणतो.