मंडळीच्या वहीत तिचं स्वतःचं नाव



'मंडळी' हा आपल्या मराठीतला मोठा सोयीचा शब्द आहे. चार माणसं जमली की आपण 'काय मंडळी' म्हणतो. जुन्या वळणाचा नवरा बायकोचं नाव घेत नाही, 'आमची मंडळी माहेरी गेलीय' असं सांगतो. आणि नगर जिल्ह्यातल्या आम्ही ख्रिस्ती बायका 'मंडळी' म्हणतो तेव्हा आम्हाला चर्च म्हणायचं असतं. चर्चची इमारत नव्हे हं, त्यातली माणसं. इमारत गळायला लागली तर दुरुस्त करता येते. मंडळी गळायला लागली की काम अवघड असतं.

आजचा विषय या मंडळीचाच आहे. तो सुचला एका लग्नावरून.

यंदा आमच्यातल्या एका मुलीचं लग्न ठरलं. हॉल बघून झाला, साडीचा रंग ठरला, आचाऱ्याला विसार दिला. मग पाळकसाहेबांनी विचारलं, बाप्तिस्म्याचा दाखला कुठाय? दाखला घर बदलताना कुठंतरी गेला होता. म्हणून आम्ही तिघी-चौघी कपाटातल्या जुन्या वह्या काढून बसलो. मुलीची नोंद लगेच सापडली. पण वही हातात आली की कोण उठतंय! पानं उलटत उलटत आम्ही तिच्या पणजीपर्यंत पोचलो. शाई तपकिरी झालेली, कडा वाळवीनं खाल्लेल्या. पणजीचं नाव होतं, गाव होतं, तारीख होती. पणजोबांचीही नोंद होती. पण ती तीन वर्षं आधीची.

मुलगी म्हणाली, "आत्या, दोघांचा बाप्तिस्मा एकदम का नाही झाला?"

पणजीबद्दल आता कोण सांगणार? पण अशी गोष्ट कशी घडू शकत होती, ते इतिहासातून सांगता येतं. तेच आज सांगतो.

आमच्याकडच्या मंडळ्यांचं मूळ अमेरिकेतल्या काँग्रिगेशनल पंथात आहे. नाव लांबलचक आहे, कल्पना सोपी. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकात काही लोक म्हणू लागले, की राजा किंवा बिशप वरून हुकूम देणार आणि आम्ही पाळणार, असं चर्च नको. एका गावातले विश्वासणारे एकत्र येऊन आपसात करार करतात, तेच पूर्ण चर्च. पाळक त्यांनीच निवडायचा आणि कुणाला सभासद करून घ्यायचं तेही त्यांनीच ठरवायचं. या मताची माणसं पुढं समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली. ती अतिशय कडक. सण-उत्सवांचा त्यांना इतका तिटकारा, की त्यांच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात नाताळची कायदेशीर सुट्टी मिळायला 1856 साल उजाडावं लागलं. आमच्याकडं आता नाताळात महिनाभर आधीपासून करंज्या-चकल्या चालतात, ते त्या लोकांनी पाहिलं असतं तर काय म्हणाले असते कुणास ठाऊक.

याच लोकांच्या मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 साली मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला ते नको होते, परत जा म्हणून हुकूमही निघाला. तरी ते टिकले. या कामाला पुढं अमेरिकन मराठी मिशन नाव पडलं. 1831 मध्ये ते अहमदनगरला आले, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आणि 1833 मध्ये इथं मंडळी स्थापन झाली. 1842 मध्ये 'ज्ञानोदय' सुरू झालं तेही इथूनच. 1854 मध्ये हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक या दोघांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. म्हणजे मंडळी सुरू झाल्यावर वीस वर्षांनी तिला आपल्या भाषेतले, आपल्या मातीतले पाळक मिळाले. आम्हाला हे उशिरा वाटतं. मंडळीनं पाळक निवडायचा हे ज्यांचं तत्त्व, त्यांनी इतका वेळ का लावावा?

बायकांच्या बाबतीत एक नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. सिंथिया फॅरार. ही एकटी, बिनलग्नाची बाई 1827 मध्ये अमेरिकेहून मुंबईला आली आणि पुढं नगरला मुलींच्या शाळा चालवत 1862 मध्ये इथंच वारली. जोतीराव फुल्यांनी तिची शाळा पाहिली होती. सावित्रीबाईंनी शिकवण्याचं शिक्षण तिच्याकडं घेतलं. या मिशनमध्ये शाळा आणि मंडळी हातात हात घालून चालायच्या, कारण सभासद व्हायचं तर शास्त्र स्वतः वाचता यावं अशी अपेक्षा असे. कितीतरी आज्या बाराखडी शिकल्या त्या अशा.

आता बाप्तिस्म्याकडं येतो.

बाप्तिस्मा मागणाऱ्याला मंडळीसमोर उभं राहावं लागे. प्रश्न विचारले जात. का येतोस? काय समजलंय? पैशाच्या, नोकरीच्या आशेनं येतोयस का? पुष्कळांना थांबायला सांगत. मंडळीचं समाधान झालं तर पाणी, नाहीतर अजून थोडं शीक म्हणून परत. सभासद आई-बापांच्या तान्ह्या बाळांना मात्र बाप्तिस्मा देत, आणि ते मूल मोठं झालं की स्वतः उभं राहून कबुली देई. पण बायको म्हणजे काही तान्हं बाळ नव्हे. नवऱ्यानं धर्म बदलला म्हणून तिचा आपोआप बदलत नसे. तिला तिचे प्रश्न वेगळे विचारत आणि उत्तर तिलाच द्यावं लागे.

ज्या काळात बाईचं गोत्र, आडनाव, कधी कधी तर पाळण्यातलं नावसुद्धा लग्नात बदललं जाई, त्या काळात 'हे मात्र तू ठरव' असं सांगणारी ही एक जागा होती. आम्ही हे फुशारकीनं सांगत नाही. कारण ठरवणं म्हणजे सुख नव्हतं. ठरवायचं म्हणजे एका बाजूला नवरा आणि दुसऱ्या बाजूला आई-बाप, भावंडं, विहीर, देवघर, हळदीकुंकू.

हे सगळ्यांत चांगलं कळतं ते लक्ष्मीबाई टिळकांमुळे. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही नाशिकजवळच्या जलालपूरची मुलगी. नवरा कवी, नारायण वामन टिळक. 10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांनी मुंबईला अमेरिकन मिशनच्या मंडळीत बाप्तिस्मा घेतला, आणि तोही गोऱ्या माणसाकडून न घेता भारतीय पाळकाच्या हातून. इकडं लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. जवळजवळ पाच वर्षं त्या लहान मुलाला घेऊन नातलगांच्या आधारानं राहिल्या.

त्या वेळी 1866 चा एक कायदा होता. धर्म बदलला म्हणून नवऱ्यानं किंवा बायकोनं सहा महिने साथ सोडली, तर धर्म बदललेल्याला कोर्टात जाऊन लग्न मोडून घेता येई. कोर्ट दुसऱ्या पक्षाला समोर बोलावून विचारी, विचार करायला वर्षभराची मुदत देई. टिळकांनी दुसरा संसार मांडला नाही. वाट पाहिली. लक्ष्मीबाई नवऱ्याकडं परत आल्या, पण आल्या त्या स्वतःची चूल, स्वतःचं पाणी, स्वतःचं सोवळं घेऊन. नवऱ्यानं पाणी शिवायचं नाही. नंतर त्यांनी एकटीनंच बसून विचार केला, की ही जात देवानं केली की माणसानं? उत्तर सापडलं आणि सोवळं सुटलं. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, आपल्या पायांनी चालत. हे सगळं त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. 1934 पासून ते पुस्तक भागाभागानं छापलं गेलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचाच. रडायला येतं, पण त्याआधी हसायला येतं.

पणजीच्या तीन वर्षांत काय झालं असेल, याचा अंदाज आता मुलीला आला. ती काही बोलली नाही. वही मात्र तिनं मांडीवरच ठेवली.

रविवारच्या उपासनेबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण खरी परीक्षा तिथं व्हायची. सुरुवातीला गाणी परदेशी चालींची असत. आपल्या माणसांच्या गळ्यात ती बसत नसत. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, टिळकांनी भजनं-अभंग दिले, आणि उपासनेत टाळ-पेटी आली. आज 'उपासना संगीत' उघडलं की आपलीच भाषा कानावर पडते.

पण गाणं एकत्र म्हणणं सोपं असतं, हो. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर एका ताटातून आणि द्राक्षरस एका प्याल्यातून घ्यायचा. नगरकडच्या मंडळ्यांत पुष्कळ लोक महार आणि मांग समाजातून आलेले, थोडे ब्राह्मण, थोडे इतर. एकाच्या ओठाला लागलेला प्याला दुसऱ्यानं उचलायचा! बाहेर एका पाणवठ्यावर उभं राहता येत नव्हतं तो हा काळ. त्या प्याल्यापाशी अडखळलेले लोक होते, आणि तो उचललेलेही होते.

आणि लग्न? इथं आम्हाला खरं बोललं पाहिजे. प्याला एक झाला, पण सोयरीक जुळवताना आजही दबक्या आवाजात विचारतात, "मूळचे कुठले? कोणापैकी?" आमच्या या मुलीच्या वेळीही एका स्थळानं विचारलं. तिच्या आईनं चहाचे कप उचलले आणि ते स्थळ तिथंच संपलं.

ख्रिस्ती लग्नाचा कायदा 1872 चा आहे, आणि तो आम्ही मुद्दाम वाचला. भारतीय ख्रिस्ती लोकांसाठी त्यात वेगळा भाग आहे. मुलगा सोळा वर्षांच्या वर हवा, मुलगी तेरा वर्षांच्या वर. आज ऐकून अंगावर काटा येतो ना? पण त्याच काळात लक्ष्मीबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं, हे लक्षात घ्या. पुढं ही वयं वाढत वाढत 1978 मध्ये मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस अशी झाली.

दोघांपैकी कुणाचाही आधीचा जोडीदार हयात नसावा, ही दुसरी अट. म्हणजे सवत आणता येत नाही. आणि तिसरी अट आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. परवाना असलेल्या माणसासमोर आणि किमान दोन विश्वासू साक्षीदारांसमोर दोघांनीही एकमेकांना स्वतःच्या तोंडानं सांगायचं, की इथं जमलेल्यांच्या साक्षीनं मी तुझा, तुझी स्वीकार करतो, करते. नवरीच्या वतीनं बापानं बोलून चालत नाही. खाली मान घालून गप्प राहिलेलंही चालत नाही. आमच्या एका मावशींचा आवाज लग्नात इतका बारीक निघाला, की पाळकांनी दोनदा म्हणायला लावलं. मावशी अजून सांगतात, "दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मलाच पटलं."

लग्नाची तयारी करणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. या कायद्यात लग्न लावायची वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सात अशी आहे. काही पंथांना त्यातून सूट आहे, पण आपल्या पाळकांना आधी विचारा आणि मगच हॉलवाल्याला आगाऊ रक्कम द्या. दोघांचे वयाचे पुरावे आणि बाप्तिस्म्याचे दाखले दोन महिने आधी काढून ठेवा. ठरलेलं लग्न उपासनेत वाचून दाखवतात, कुणाची हरकत असेल तर तेव्हाच कळावी म्हणून. हळद, मंडव, मंगळसूत्र हे आपल्याकडं सगळं असतं. मंगळसूत्रावर प्रार्थना करून ते घालतात. पांढरी साडी, डोक्यावर जाळी आणि गळ्यात काळे मणी हे आमचं मिश्रण बाहेरच्यांना गमतीचं वाटतं. आम्हाला त्यात काही गंमत वाटत नाही. आमच्या आयांनी असंच केलं.

आता आमची मंडळी निव्वळ काँग्रिगेशनल राहिलेली नाही. 1924 मध्ये या मंडळ्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांबरोबर एका संयुक्त चर्चमध्ये गेल्या आणि 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्यात आल्या. म्हणजे ज्या बिशपांना नको म्हणून हे लोक वेगळे झाले होते, ते बिशप फिरून आलेच! तरी वर्षाची सभा भरते, हिशेब वाचले जातात, कमिटीची निवडणूक होते. त्या सभेला पुरुष पुढच्या बाकांवर बसून बोलतात आणि बायका मागं बसून चहाचं बघतात, हे मात्र आम्हाला पटत नाही. गेल्या वर्षी आम्ही पाच जणी पुढं जाऊन बसलो. चहा उशिरा झाला, एवढंच.

मुलीचं लग्न शनिवारी दुपारी चारला आहे. साक्षीदार म्हणून एका बाजूनं नवऱ्या मुलाचे मामा सही करणार आहेत. दुसरी सही मुलीच्या आजीची. आजीनं दोन दिवस पाटीवर सही गिरवली. आमच्यातल्या एकीनं सांगितलं, "आजी, अंगठा चालतो." आजीनं पाटी पुसली आणि परत पहिल्या अक्षरापासून लिहायला घेतलं.