वडखळचा खोळंबा

मुद्दाम खरेदीला म्हणून वडखळला गेलेला माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. लोक अलिबागला जातात, गोव्याला जातात, गणपतीला गावी जातात आणि वाटेत वडखळ लागतं. पेणच्या पुढे रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक धरमतरची खाडी ओलांडून अलिबागला जातो, दुसरा नागोठण्यावरून गोव्याची वाट धरतो. त्या बेचक्यात हे गाव बसलं आहे. तिथला बाजार खरेदीला निघालेल्या माणसांनी उभा केलेला नाही. तो उभा केला खोळंबलेल्या माणसांनी, असा माझा सिद्धांत आहे. आणि नशिबाने इतिहासही माझ्याच बाजूला आहे.

कारण खोळंब्याची या मुलखातली परंपरा फार जुनी. धड रस्ते नव्हते तेव्हा मुंबईहून इकडे यायचं ते पाण्यातून. अंबा नदीच्या खाडीतून गलबतं नागोठण्यापर्यंत चढायची, पण तीही भरतीवर. आता भरती काही कुणाच्या घरची गडी नव्हे. हवा खायला निघालेला गोरा साहेब असो की तांदळाचा व्यापारी, पाणी चढेपर्यंत दोघांनीही मुकाट्याने बसून राहायचं. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून आगबोटी धरमतरला येऊ लागल्या. म्हणजे भरतीची वाट पाहणं संपलं आणि बोटीची वाट पाहणं सुरू झालं, एवढाच काय तो फरक! पुढे १९७० च्या दशकात ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल झाला आणि मुंबईकर मोटारी घेऊन थेट कोकणात उतरू लागले. कोकणात जायचं म्हणजे वडखळ नाका आलाच. समुद्राची भरती गेली आणि गाड्यांची आली. मे महिना, गणपती आणि होळी ही तिची उधाणं. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला, २०१० साली सतरा नंबरचा महामार्ग सहासष्ट नंबरचा झाला, पण नाक्यावरचा खोळंबा आपलं मूळ नाव राखून होता.

बरं, थांबलेल्या माणसाला विकायला इथे माल काय, तर तोही वाट पाहूनच झालेला. हा सगळा खारेपाट. खाडीला बांध घालून मिळवलेली जमीन. पावसाने मीठ धुऊन निघालं की भाताचं एक पीक द्यायचं आणि उरलेलं वर्ष स्वस्थ पडून राहायचं. तरी इथल्या बायका काही स्वस्थ पडून राहिल्या नाहीत. घरात भात, भाताचे पोहे, आणि उन्हाळ्यात माथ्यावर रणरणतं ऊन. पोह्यांचं पीठ, हिंग, पापडखार, तिखट असं कुटून, लाटून, वाळवून त्यांनी पोह्यांचे पापड आणि मिरगुंडं यांचं नाव पेणच्या गणपतींच्या पंक्तीला नेऊन बसवलं.

मध्यंतरी मला आणि सौ.ला वडखळला आयती एक संध्याकाळ मिळाली. पेणचा साखरपुडा आटोपून आम्ही एस.टी.ने नाक्यावर उतरलो. तिथून पुतण्या आम्हाला गाडीने अलिबागला नेणार होता. त्याचा फोन आला, "काका, मला अजून दोन तास तरी लागतील हो!" मी रागावलोसं केलं. मनातून मात्र शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यासारखं वाटलं. दोन तास कुणाला काही द्यायचं नव्हतं, कुणाकडे जायचं नव्हतं. चहा घेतला. मग बटाटेवडा खाल्ला. वड्यावर चहा हवाच म्हणून पुन्हा चहा घेतला. घरी तीन चाळण्या असताना एका दुकानात अर्धा तास चाळण्या पाहिल्या. सौ.ने पांढऱ्या कांद्यांच्या माळा हातात घेऊन, नवरीचे दागिने पारखावेत तशा पारखल्या. कडवे वाल घेतले. सोड्यांचा भाव विचारला, वास घेतला आणि "अहो, साखरपुड्याच्या साडीला वास लागेल" म्हणून आधी ठेवून दिले, मग घेतले.

पापडवाल्या मावशींनी आम्हाला बसायला स्टूलच दिलं. सौ. म्हणाली, "गर्दी कमी दिसते हो आज."

"आज काय, रोजच," मावशी म्हणाल्या. "पयलं गाड्या हितं तास तास थांबायच्या. लोकं शिव्या घालायची आनि पापड घेऊन जायची. आता वरच्यावर जातान. शिव्या पन नाय नि पापड पन नाय."

यावर सौ.ने न बोलता पुडकी दोनाची चार केली.

चौपदरीकरणात गोव्याच्या गाड्यांना वडखळच्या बाहेरून रस्ता मिळाला. २०२० च्या मार्चपासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारींसकट नेणारी बोट सुरू झाली; म्हणजे अलिबागवाले पुन्हा एकदा पाण्यातून यायला लागले, आणि या खेपेला वडखळ न लागता! या सुधारणा वाईट असं कोण म्हणेल? नाक्यावर अडकलेल्या रुग्णवाहिकेत ज्याचा माणूस होता त्याला विचारा. पण गाडीत बसलेल्यांचे दोन तास वाचले, ते नेमके कुणाच्या पदरातून निघाले, हा हिशेब कुठल्या फलकावर लिहिलेला नाही. पूर्वी भरतीची वेळ निदान सगळ्यांना पंचांगात पाहता यायची. ही ओहोटी मावशींना कुणी आगाऊ कळवली नाही.

तेव्हा वाचकहो, एक करा. गोव्याला जायची घाई रोज नसते. वडखळ आलं की बाहेरचा रस्ता सोडून गावात शिरा. फेब्रुवारी ते मे या दिवसांत गेलात तर कांद्याच्या माळा मिळतील. पापड बारा महिने असतात. पापड मात्र घरी जाऊन लगेच तळू नका. आधी एकदा उन्हात ठेवा, कडक होऊ द्या. वाट पाहिल्याशिवाय तोही फुलत नाही.