शिलाई मशीनच्या पोटात काय आहे?

आज आपण शिलाई मशीनचा इतिहास ऐकणार आहोत. आमच्या गटांतल्या पुष्कळ जणींच्या घरी मशीन आहे. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश यांवर घरखर्चाला हातभार लागतो. मशीनला तेल आपणच घालतो, सुई आपणच बदलतो. पण टीप सुटायला लागली की तालुक्याहून कारागीर येईपर्यंत बसून राहतो. ऐन लग्नसराईत चार दिवस मशीन बंद, म्हणजे चार दिवसांची मजुरी बुडाली. मशीन उघडून बघणं हे आपलं काम नव्हे, असं आपण धरूनच चाललो आहोत. पण या मशीनचा इतिहास बघितला, तर दुरुस्तीला आलेलं मशीन उघडून बघणाऱ्यांनीच ते पुढे नेलेलं दिसतं.

आधी एक गंमत बघा. हाताने शिवायची सुई घ्या आणि मशीनची सुई घ्या. हाताच्या सुईचं भोक मागच्या टोकाला असतं, मशीनच्या सुईचं टोकाजवळ. असं का? मशीनची सुई कापडातून आरपार जात नाही. ती फक्त दोऱ्याचा फास खाली नेऊन ठेवते आणि वर येते. त्या फासातून खालचा दुसरा दोरा जातो आणि टाका पक्का बसतो. म्हणून मशीनला वर रीळ लागतं आणि खाली बॉबिन. अमेरिकेत एलियास हाव याने टोकाजवळ भोक असलेली सुई आणि खालचा धोटा अशा जोडीचं पेटंट १८४६ साली घेतलं.

पण ती सुरुवातीची मशिनं फार कुरकुर करायची. १८५० साली बोस्टन शहरात फेल्प्स नावाच्या माणसाच्या कारखान्यात अशी मशिनं दुरुस्तीला येत. तिथे आयझॅक सिंगर होता. हा पूर्वी नाटकांत कामं करणारा माणूस. त्याने मशीन नीट न्याहाळलं. खालचा धोटा गोल फिरत होता, त्यामुळे दर फेऱ्याला दोऱ्याचा पीळ सुटत होता. सुई वाकडी होती आणि आडवी चालत होती. सिंगरने धोटा मागे-पुढे सरळ चालवला, सुई सरळ करून वर-खाली चालवली आणि कापड दाबून धरायला पाय बसवला. अकरा दिवसांत मशीन उभं केलं, असं तो सांगत असे. १२ ऑगस्ट १८५१ रोजी त्याला पेटंट मिळालं. पुढे हावने कोर्टात दावा लावला, तो जिंकला आणि सिंगरला पैसे मोजावे लागले. उघडून शिकणं वेगळं आणि दुसऱ्याची कल्पना न विचारता विकणं वेगळं, हेही या गोष्टीतून कळतं.

जपानमध्ये त्या काळी बहुतेक मशिनं परदेशातून येत. नागोया शहरात यासुई नावाच्या कुटुंबाने १९०८ साली मशीन दुरुस्तीचं दुकान काढलं. मुलं वडिलांच्या हाताखाली कामं करत मोठी झाली. १९२८ साली त्या भावांनी गवती टोप्या शिवायचं स्वतःचं मशीन बनवलं आणि त्याला नाव दिलं 'ब्रदर', म्हणजे भाऊ. १९३२ साली घरगुती मशीनही तयार केलं. आपल्याकडे १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने मशिनं बनवायला घेतली. तीच आपल्या ओळखीची 'उषा'.

या सगळ्यांत मशीन उघडणारे हात पुरुषांचे दिसतात. पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी बायकांना शिवण शिकवली, पायावर उभं केलं. त्याच्या पुढचं पाऊल आता आपण टाकायचं आहे.

आमच्या एका गटाने मोडीत काढायला ठेवलेलं पायमशीन उघडलं. खाली जुनं धोतर अंथरलं. प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवले. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घेतला, म्हणजे उलट्या क्रमाने जोडता येतं. वरचं झाकण काढून हाताने चाक हळू फिरवलं, तर चाकाचं गोल फिरणं सुईच्या वर-खाली जाण्यात कसं बदलतं, ते सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं. कापड पुढे ढकलणाऱ्या दात्यांखाली सुताचा भुसा दाबून बसला होता. कापड पुढे सरकत नव्हतं, ते त्यामुळेच.

आणखी एक कळलं. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे फास येत असतील, तर आपण बॉबिनला दोष देतो. पण बहुतेक वेळा वरचा दोरा सैल असतो, नाहीतर चुकीचा ओवलेला असतो. तो पुन्हा ओवून बघायला पैसे लागत नाहीत.

कारागिराचं काम संपलं, असं नाही. सुई आणि शटलचा मेळ बिघडला, तर त्याला बोलवावंच लागेल. पण काय बिघडलंय हे सांगता आलं, तर दुरुस्तीचा भाव ठरवताना आपण गप्प बसणार नाही. विजेचं मशीन असेल, तर आधी प्लग काढा आणि मोटरला हात लावू नका.

पुढच्या महिन्याच्या बचत बैठकीत वह्या भरून झाल्या की गटातलं एक जुनं मशीन मध्ये ठेवा. स्क्रू ड्रायव्हर, चार वाट्या आणि एक फडकं, एवढंच लागेल. लेकींनाही सोबत बसवा.