ओझ्याचं घराणं, चिखलाचं घराणं

टेक्सास किंवा मोंटानातल्या टायरच्या दुकानात घोड्यांचा ट्रेलर ओढणारा पिकअपवाला आला की त्याचा पहिला सवाल ठरलेला असतो: दहा प्लाय आहे का? दुकानदार हो म्हणतो आणि टायर पुढे करतो. त्या टायरमध्ये दहा थर नसतात. कापून पाहिला तर साइडवॉलमध्ये पॉलिस्टरच्या दोऱ्याचे दोन, फार तर तीन थर निघतील आणि नक्षीखाली पोलादी तारांचे दोन पट्टे. दहा हा आकडा कापसाचा आहे. हा टायर सुती दोऱ्याचा केला असता तर एवढं ओझं पेलायला त्याला दहा थर लागले असते, असा त्याचा ढोबळ अर्थ. टायरमधून कापूस कधीच हद्दपार झाला, माप मात्र त्याचंच राहिलं. आपल्याकडे कसारा घाट चढणारा ट्रकवाला ‘सोळा प्लाय’ म्हणतो, तेव्हा तोही नायलॉनच्या टायरवर हात ठेवून कापसाचेच थर मोजत असतो.

जड पिकअपवर दिसणारा, हायवेवर ट्रेलर ओढणारा आणि रानातही न अडणारा ‘ऑल-टेरेन’ टायर दोन घराण्यांच्या सोयरिकीतून जन्मला. एक घराणं ओझ्याचं, दुसरं चिखलाचं. सोयरीक झाली खरी, पण स्वभाव काही जुळले नाहीत. टायर निवडताना होणारा बहुतेक घोळ या न जुळण्यातून होतो, असं माझं मत आहे.

ओझ्याचं घराणं आधी पाहू. हवेचा टायर आधी रुजला तो सायकलींवर. डनलॉपने १८८८ मध्ये बेलफास्टला मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेची नळी बसवली, त्याआधी १८४५ मध्ये थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने त्याच कल्पनेचं पेटंट घेऊन ठेवलं होतं. ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ट्रक मात्र विसाव्या शतकाची पहिली दीड-दोन दशकं भरीव रबरावर चालत होते. पाच टन माल हवेवर तोलायचा ही कल्पना कुणाला पटत नव्हती, आणि न पटण्याला कारण होतं. टायरचा सांगाडा तेव्हा कॅनव्हासचा असे. कॅनव्हासच्या विणीत उभा-आडवा धागा एकमेकांत गुंतलेला. चाक फिरताना टायर दबतो-फुलतो, तसे धागे एकमेकांना करवतीसारखे घासत, तापत आणि तुटत. उपाय सापडला तो विणकाम टाळण्यात. सगळे दोरे एका दिशेने, शेजारी शेजारी, रबरात बुडवलेले. त्यावर दुसरा थर तिरक्या दिशेने. धागा धाग्याला घासेना. ओझं वाढलं की थर वाढवायचे, चार, सहा, आठ, दहा. प्लायचं गणित इथून सुरू झालं.

त्यासाठी कापूसही लांब धाग्याचाच हवा. पहिल्या महायुद्धाच्या काळात इजिप्तचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा ओहायोतल्या ॲक्रनच्या गुडइयर कंपनीने थेट ॲरिझोनाच्या वाळवंटी खोऱ्यात हजारो एकर जमीन घेऊन स्वतःच कापूस पेरला. फिनिक्सच्या पश्चिमेला आज गुडइयर नावाचं जे शहर आहे, त्याचं मूळ त्या शेतात आहे. याच कंपनीने १९१७ मध्ये पॅकार्डचा पाच टनी ट्रक हवेच्या टायरांवर ॲक्रनहून बोस्टनला धाडला. ‘विंगफूट एक्सप्रेस’ हे त्याचं नाव. जाताना टायर भरलेले, परतताना कनेक्टिकटमधल्या कंपनीच्याच गिरणीतलं टायरसाठीचं सुती कापड. पहिल्या खेपेत चिखल, कच्चे पूल आणि फुटके टायर यांनी इतका छळ मांडला की एखाद्याने नाद सोडला असता. पण खेपा चालू राहिल्या, सुधारणा होत गेल्या, आणि हवेवर ट्रक चालतो हे सिद्ध झालं. दोन वर्षांनी अमेरिकन लष्कराने वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत मोटारींचा तांडा नेला, त्यात बहुतेक जड ट्रक अजून भरीव रबरावरच होते. त्या तांड्याला बासष्ट दिवस लागले. आयझेनहॉवर नावाचा एक तरुण अधिकारी त्यात होता. देशातले रस्ते किती वाईट आहेत हे तो विसरला नाही.

ओढण्याचा भागही याच काळातला. डेट्रॉइटमध्ये १९१४ साली सिब्ली नावाच्या लाकूडव्यापाऱ्याला आपली बोट उन्हाळी घराकडे न्यायची होती. ऑगस्ट फ्रुहॉफ या लोहाराने त्याच्या फोर्ड मॉडेल टी गाडीची मागची बाजू कापून तिला जोडायला दोनचाकी गाडा बनवला. बोट गेली, आणि मग सिब्लीने लाकूड वाहायला तसलाच मोठा गाडा मागितला. यातली मेख अशी की ट्रेलर फक्त मागून ओढत येत नाही, तो पुढच्या गाडीवर अंग टाकतो. आजच्या भाषेत, बॉल हिचवर ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग टेकलेला असावा लागतो. कमी असेल तर ट्रेलर साप वळवळल्यासारखा डोलायला लागतो. पिकअपच्या हौद्यात बसणाऱ्या फिफ्थ व्हीलवर तर हा भाग वीस टक्क्यांच्या आसपास जातो. सहा टनांचा ट्रेलर जोडला तर सुमारे बाराशे किलो सरळ मागच्या ॲक्सलवर येतात. आपल्याकडे बंद पडलेल्या गाडीला दोर बांधून नेतात त्या टोचनात हे वजन येत नाही, म्हणून आपल्याला त्याची सवय नाही.

आता चिखलाचं घराणं. त्याची सुरुवात जरा गमतीशीर आहे. सुरुवातीचे टायर गुळगुळीत असत. फायरस्टोनने १९०८ मध्ये टायरवर पकड आणण्यासाठी जी नक्षी काढली ती म्हणजे कंपनीचं नाव आणि ‘नॉन स्किड’ हीच अक्षरं, तिरपी, उठावदार. ओल्या मातीत गाडी गेली की मागे जाहिरात छापली जाई. नंतर आला जॉन सायप. तो कत्तलखान्यात कामाला होता आणि निसरड्या फरशीवर पाय सरकू नये म्हणून बुटाच्या तळव्याला बारीक चिरा पाडायचा, अशी कथा सांगतात. त्याच्या नावावर १९२३ चं पेटंट आहे, आणि टायरच्या ठोकळ्यांवरच्या त्या केसासारख्या चिरांना आजही त्याच्याच नावाने ओळखतात. ओल्या रस्त्यावर आणि बर्फावर पकड येते ती याच चिरांमुळे.

शेतातली क्रांती १९३२ मध्ये झाली. तोवर ट्रॅक्टर लोखंडी, खिळेदार चाकांवर फिरत. हार्वी फायरस्टोनच्या मदतीने ॲलिस-चाल्मर्सच्या ट्रॅक्टरला हवेचे टायर बसले, त्यावर मातीला चावणारे तिरपे, उंच दांडे. शेतकऱ्यांचा विश्वास बसेना, तेव्हा पुढच्या वर्षी बार्नी ओल्डफील्ड या नामवंत शर्यतपटूने तो ट्रॅक्टर ताशी शंभर किलोमीटरच्या वर पळवून दाखवला. सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर आज जे उलट्या व्हीसारखे दांडे दिसतात, त्यांची वंशावळ थेट तिथे जाऊन भिडते.

मग दुसरं महायुद्ध आलं. जीपच्या आणि अडीच टनी लष्करी ट्रकच्या टायरवर आडव्या दांड्यांची अशी नक्षी होती की ती पुढे आणि मागे सारखीच पकड देई, कारण चिखलात रुतलेली गाडी बऱ्याचदा मागेच काढावी लागते. माग पाहून गाडी कुठल्या दिशेला गेली हे शत्रूला कळू नये म्हणून ती नक्षी होती असंही म्हणतात. ते ऐकायला छान वाटतं, पण मागे काढण्याची गरज मला जास्त पटते. फ्रान्समध्ये १९४४ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत ‘रेड बॉल एक्सप्रेस’ या नावाने जो माल आघाडीवर पोचवला गेला, त्यात या टायरांची खरी कसोटी लागली. चालक बहुतांश कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक. ठरल्यापेक्षा दुप्पट भरलेले ट्रक, रात्रंदिवस धाव, आणि वर सैनिकांनी रस्त्यावर फेकलेले जेवणाचे टिनचे डबे. टायर ढिगाने फाटले. जपानने मलाया घेतल्यामुळे नैसर्गिक रबराचाही दुष्काळ होता.

युद्धानंतर दोन गोष्टी घडल्या. फ्रान्समध्ये मिशेलिनने १९४६ मध्ये रेडियल टायरचं पेटंट घेतलं: सांगाड्याचे दोरे तिरपे न ठेवता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ, आणि नक्षीखाली पोलादी पट्टा. साइडवॉल मऊ, नक्षीचा भाग ताठ, टायर कमी तापतो. त्याच सुमाराला कॅलिफोर्नियात जीप आणि पिकअप घेऊन वाळवंटात हुंदडणारी हौशी जमात वाढत होती. बाहा कॅलिफोर्नियाच्या वाळूतून ला पाझपर्यंतची पहिली शर्यत १९६७ मध्ये झाली. वाळूत रुतायचं नसेल तर टायर रुंद हवा, उंच हवा आणि हवा कमी हवी. म्हणून ३५ इंच उंच, साडेबारा इंच रुंद अशा इंचांच्या मापातले टायर आले. त्यांना ‘फ्लोटेशन’ म्हणतात, वाळूवर तरंगणारे. बीएफगुडरिचने १९७६ मध्ये रेडियल सांगाड्यावर ऑल-टेरेन नक्षी चढवली, आणि सोयरीक पक्की झाली.

या सोयरिकीतली कुरबुर टायरच्या अंगावरच छापलेली असते. ई लोड रेंज म्हणजे दहा प्लाय, ८० पीएसआय, हे पिकअपवाल्यांना पाठ असतं. सी म्हणजे सहा आणि ५० पीएसआय, डी म्हणजे आठ आणि ६५. पण अक्षर ढोबळमानाने सांगतं टायर किती दाब सोसतो. किती किलो उचलतो ते सांगतं त्याच्या मापापुढचं लोड इंडेक्स. एलटी२७५/७०आर१८ या ई टायरचं इंडेक्स १२५, म्हणजे एका टायरवर १६५० किलो. आता तीच गाडी रुबाबदार दिसावी म्हणून मालक ३५ बाय १२.५० चा ई टायर घालतो. आकाराने मोठा, दिसायला दणकट. त्याचं इंडेक्स बऱ्याचदा असतं १२१, म्हणजे १४५० किलो, आणि अक्षर ई असूनही तेही ६५ पीएसआयला. मोठा टायर घालून मागच्या ॲक्सलची ताकद चारशे किलोंनी घटली. ट्रेलरने हौद्यात टाकलेल्या बाराशे किलोंपुढे हे चारशे किरकोळ नाहीत. मिलिमीटरचं माप ओझ्याच्या घराण्यातून आलेलं, इंचाचं वाळूच्या. मालकाला हे ठाऊक नसतं आणि दुकानदार क्वचित सांगतो.

नक्षीचंही तसंच. खोल नक्षी, सुटे ठोकळे चिखलात छान. पण सहा टन मागे असताना हायवेवर तेच ठोकळे मुरडतात. सुकाणू हातात सैल लागतं, ट्रेलरचं डोलणं वाढतं आणि मुरडण्यातून उष्णता तयार होते. नवा टायर जुन्यापेक्षा जास्त मुरडतो, कारण ठोकळा उंच असतो.

उष्णतेचा हिशेब चुकला की काय होतं हे अमेरिकेने २००० साली पाहिलं. फोर्ड एक्सप्लोररवरचे फायरस्टोनचे टायर, ज्यात वाइल्डरनेस एटी हे मॉडेलही होतं, पोलादी पट्टा सुटून फुटत होते. गाड्या उलटत होत्या, आणि घटना उष्ण राज्यांत जास्त होत्या. फायरस्टोनने पासष्ट लाख टायर परत मागवले. सरकारी नोंदीत २७१ मृत्यू आहेत. फोर्डने या टायरांसाठी २६ पीएसआय हवा सुचवली होती. कंपन्यांनी एकमेकींवर बोट दाखवलं, शतकभराचं व्यावसायिक नातं तुटलं, आणि नवा कायदा झाला. त्यातूनच टायरमधली हवा दाखवणारे सेन्सर सक्तीचे झाले. पण ही सक्ती १०,००० पौंड, म्हणजे सुमारे साडेचार टन एकूण वजनापर्यंतच्या गाड्यांना आहे. जड ट्रेलर ओढणारे पिकअप याच रेषेच्या आसपास किंवा तिच्या पलीकडे असतात.

म्हणून माझी शिफारस रुक्ष आहे. ट्रेलर जोडून, माल भरून गाडी वजनकाट्यावर घालावी आणि मागच्या ॲक्सलचं वजन वाचावं. दोन टायरांची क्षमता त्याच्या बरीच वर हवी. त्यानंतर नक्षी. ज्याचा ट्रेलर पक्क्या रस्त्यावरून पक्क्या आवारात जातो त्याला ऑल-टेरेनची गरज नाही. साधा हायवे टायर कमी तापेल, कमी गोंगाट करेल. ज्याला ओल्या कुरणातून घोडे काढायचे आहेत त्याला मात्र हवाच. अशाने मधले ठोकळे एकमेकांत अडकलेले, खाली रबराच्या पट्टीने जोडलेले असतील तो टायर घ्यावा. बर्फात जायचं असेल तर तीन शिखरांत हिमकण असलेलं चिन्ह पाहावं. हे चिन्ह १९९९ पासून आहे आणि त्यासाठी बर्फावर प्रत्यक्ष चाचणी द्यावी लागते. बाजूलाच छापलेलं एम+एस नक्षीतल्या मोकळ्या जागेच्या हिशेबावर मिळतं, चाचणीशिवाय.

ट्रकचे टायर जमले की ट्रेलरचे पाहावेत. त्यांचा वर्ग वेगळा, एसटी म्हणजे स्पेशल ट्रेलर, आणि त्यातल्या अनेकांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते. पुढे कितीही महागडा टायर असला तरी तेवढ्याच वेगाने जायचं.